पान बहात्तरवरचे रायाजीराव

मुकुंदराव धुमाळांनी आपला एक पूर्वज पानिपतच्या लढाईत घुसवला, तो काही वाईट हेतूने नाही. माणूस सरळ. नई सडकेवर शाळेच्या गणवेशांचं त्यांचं एवढंसं दुकान. पोराला पँट सैल होते म्हणून एखादी आई कुरकुरली, तर ‘घ्या हो ताई, दिवाळीपर्यंत बरोब्बर होईल’ एवढंच काय ते दिवसभरातलं त्यांचं खोटं. पण संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन मुलीला इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवायला बसले, की त्यांच्या अंगात काय संचारायचं देव जाणे.

मुलगी सोनिका. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, इतिहास घेऊन. तिला जन्मापासून दिसत नाही, पण म्हणून घरात तिचं कधी काही अडलं असं नाही. कंपू मोहल्ल्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती अशी भिरभिर फिरायची, की नवख्या पाहुण्याला चहा पिऊन होईपर्यंत पत्ता लागायचा नाही. अडायचं ते पुस्तकांपाशी. नवी पुस्तकं तिचा फोन वाचून दाखवायचा. पण त्यांच्या विभागाची पुस्तकांची यादी म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे इंग्रजी ठोकळे, आणि मिळायची ती त्यांच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तसलं पान फोनसमोर धरलं की तो बिचारा तापात बरळल्यासारखं काहीतरी बरळायचा आणि गप्प बसायचा. तिथे माणूसच लागतो.

बी.ए.पर्यंत या माणसाचे पैसे सरकार देत होतं. वाचक भत्ता म्हणून. एक शिकलेली मुलगी दुपारी यायची, वाचून जायची, सगळं सुरळीत होतं. एम.ए.ला प्रवेश घेतला आणि भत्ता बंद. का? तर योजना पदवीपर्यंतच. पुढची मदत सुरू होते ती थेट पीएच.डी.ला. म्हणजे मुलीला बी.ए.पर्यंत दिसत नाही, पीएच.डी.ला पुन्हा दिसत नाही, पण मधली दोन वर्षं तिने कृपा करून डोळे उघडावेत, अशी यांची अपेक्षा! मुकुंदरावांनी चार खिडक्या पालथ्या घातल्या. प्रत्येक खिडकीने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं. शेवटची खिडकी निघाली पाणपोईची.

सोनिकाची आई वनमालाबाई एका दवाखान्यात चिठ्ठ्या काढायच्या खिडकीवर बसायच्या. आठ तास लोकांची नावं लिहून घरी आल्या की त्यांना अक्षर म्हटलं तरी चक्कर यायची. उरले कोण? मुकुंदराव. तर अशी त्यांची वाचक म्हणून बिनपगारी नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, “इंग्रजी वाचून वेळ कशाला घालवायचा बेटा? मी वाचता वाचता सरळ मराठीतच सांगत जातो. डायरेक्ट.”

सोनिकाला बरंच वाटलं. वेळ वाचत होता. आणि सांगायचे काय मस्त! तोफा त्यांच्या तोंडून धडाडायच्या, हत्ती बिथरायचे. वनमालाबाई पोळ्या लाटता लाटता लाटणं हवेत धरून ऐकत राहायच्या.

दिवाळीच्या सुमारास रायाजीराव धुमाळ पहिल्यांदा अवतरले. साधेच होते, डाव्या फळीतले एक स्वार. आता दख्खनेतून इतक्या लांब आलेल्या एवढ्या मोठ्या फौजेत धुमाळांच्या घरातला एकही माणूस नसेल? असणारच की. मुकुंदरावांच्या मनाला ते पटलं, आणि एकदा मनाला पटलं की पुस्तकात नाही ही काय एवढी मोठी गोष्ट! पण रायाजीराव काही डाव्या फळीत थांबले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांच्या हाताखाली तीनशे स्वार आले, महिन्याभरात तीन हजार. मग त्यांनी तहाची बोलणी केली. मग शेतसाऱ्याची पद्धत सुधारली. एका फिरंगी प्रवाशाने त्यांच्या मिशांचं दीड पान वर्णन केलं. जमिनीच्या मोजणीचा तो रूक्ष धडा आला, त्यात तर रायाजीरावांनी स्वतः दोरी धरली होती.

वनमालाबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, “अहो, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या रायाजीरावांचं पान पितृपक्षात कधी वाढलेलं मी नाही पाहिलं.”

“तू पोळी बघ, करपतेय,” मुकुंदराव म्हणाले.

जानेवारीत पहिल्या सत्राचा निकाल लागला. मध्ययुगाच्या पेपरात सोनिकाला शंभरपैकी अडतीस मिळाले. ती पोरगी शाळेपासून कधी साठाच्या खाली आली नव्हती. तिने अर्ज करून उत्तरपत्रिका मागवली, आणि विभागातल्या सरांनी तिला ती समोर बसवून वाचून दाखवली. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘ये रायाजीराव कौन हैं?’ चौथ्या पानावर, ‘फिर रायाजीराव?’ नवव्या पानावर शब्दच नव्हते, नुसती तीन उद्गारचिन्हं होती. सोनिका ठामपणे म्हणाली, “सर, किताब में है. पन्ना बहत्तर.” सरांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि पान बहात्तर मोठ्याने वाचलं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी पलंगावर मांडी घालून बसली.

“बाबा, आज पान बहात्तर परत वाचा ना.”

मुकुंदरावांनी घसा खाकरला, पान काढलं आणि सुरू केलं. रायाजीरावांनी घोड्याला टाच मारली. धूळ उडाली.

“घोड्याचं नाव काय होतं?”

“हिरा.”

“मागच्या वेळी पवन होतं.”

मुकुंदरावांनी उगाच एक पान उलटलं. मग म्हणाले, “पवन जखमी झाला.”

“बाबा, सरांनी पान बहात्तर मला वाचून दाखवलं. त्यात रायाजीराव नाहीत.”

“आवृत्ती वेगळी असेल.”

“त्यात लढाईच नाहीये! फौजेला धान्य कसं पोचवायचे ते आहे. बैल आहेत बाबा, बैल! पूरे पन्ने में बस बैल!” आणि मग तिचा आवाजच फुटला. “पंचावन्न टक्के नाही मिळाले तर पीएच.डी.ला बसता येत नाही. बसता नाही आलं तर ती फेलोशिप नाही. मग सगळं इथेच खतम. आता मला पुढच्या सत्रात सत्तरच्या वर काढावे लागणार आहेत, आणि तुम्ही मला घोडे ऐकवताय?”

मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मला वाटलं, आपलंही कोणी असावं त्यात,” ते पुटपुटले.

“असू दे ना. पण माझ्या पेपरात कशाला?”

तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवताना ‘बाबांना सांग वरण वाढायला’ असं भिंतीला सांगायची. मुकुंदरावांनी त्या तीन दिवसांत दुकानात एका सातवीतल्या मुलाला दहावीचा शर्ट विकला आणि दुसऱ्याला बिनबाह्यांचा कोट.

चौथ्या दिवशी मात्र ती उड्या मारत घरी आली. विद्यापीठाच्या दिव्यांग विद्यार्थी कक्षाकडे कसलासा जुना निधी पडून होता. त्यातून पदव्युत्तर वर्गातल्या एका, एकाच विद्यार्थ्याला वाचकाचा पगार मिळणार होता. अर्ज दोनच आले होते, आणि दुसऱ्या मुलाने गाव बदललं म्हणून त्याचा बाद झाला होता. आता फक्त एक बाई घरी येऊन चौकशी करणार आणि फॉर्म भरणार.

“बाबा, नीट ऐका,” सोनिका म्हणाली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले होते. “फॉर्मात एक प्रश्न आहे. घरात वाचून दाखवणारं कोणी आहे का? असेल तर अर्ज कॅन्सल. तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचंय, ‘नाही’. बस. आगे पीछे कुछ नहीं.”

“नाही,” मुकुंदराव म्हणाले. “हे बघ, म्हटलं.”

“रायाजीरावांनासुद्धा आणायचं नाही.”

“अगं, शपथ.”

आता चौकशीला बाई येणार म्हणजे गरज दाखवायची, हे कुणालाही कळेल. या घराला कळेल तर शपथ! सरकारी माणूस आपल्याकडे येणार आणि आपण त्याला पत्र्याच्या खुर्चीवर बसवणार? वनमालाबाईंनी समोरच्या विक्रमसिंहांकडून त्यांचा मरून रंगाचा सोफा चार तासांसाठी मागून आणला. मुकुंदरावांनी फेटा बांधला. साबुदाण्याची खिचडी, बेसनाचे लाडू, मुरैन्याची तिळाची गजक, आणि वर बाईंना तिखट चालत नसेल तर म्हणून श्रीखंड.

बाईंचं नाव सीमंतिनी पोतनीस. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघायची सवय असलेल्या. दोन जिने चढून आल्या, सोफ्यावर बसल्या आणि पिशवीतून फॉर्म काढला. तेवढ्यात सोनिका आतून पाणी घेऊन नेहमीच्या झपाट्याने आली आणि सोफ्याच्या हातावर अशी आदळली की पाणी थेट पोतनीसबाईंच्या मांडीवर.

“ये क्या रख दिया यहाँ?” सोनिका गुडघा चोळत ओरडली.

“घर नवीन घेतलंय का?” बाईंनी पदर झटकत विचारलं.

“छे! बावीस वर्षं झाली,” मुकुंदराव लांबूनच त्यांच्या पदरावरचा ओला डाग दाखवत अभिमानाने म्हणाले.

“आणि हिला घरातला सोफा माहीत नाही?”

शेवटी वनमालाबाईच म्हणाल्या, “समोरच्यांचा आहे. सहाला परत द्यायचाय.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मग उत्पन्न किती, कॉलेजला जाते कशी, पेपर कोण लिहून देतं, सगळे प्रश्न झाले. सोनिका टकाटक उत्तरं देत होती. मुकुंदराव हाताची घडी घालून गप्प उभे होते. इतके गप्प ते लग्नातसुद्धा नव्हते.

“घरात वाचून दाखवणारं कोणी?”

“नाही,” मुकुंदराव म्हणाले.

वा! इथे बाईंनी पुढच्या प्रश्नाकडे वळायला काय हरकत होती? पण त्यांनी चष्म्यावरून फेट्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकलेले दिसता.”

“बी.कॉम.”

“मग तुम्हाला वाचता येत नाही?”

“येत नाही?” मुकुंदरावांच्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की विचारू नका. “अहो बाई, कुणाला विचारताय? मराठी येतं, हिंदी येतं, इंग्रजी येतं. मोडीसुद्धा थोडीफार येते! धुमाळांच्या घरात वाचता येत नाही? हिला सहा महिने रोज दीड तास मीच तर...”

सोनिका जोरात खोकली. वनमालाबाईंनी लाडवाचं ताट दाणकन टेबलावर ठेवलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोतनीसबाईंनी ‘आहे’ या शब्दासमोर बरोबरची खूण केली, टोपण लावलं आणि फॉर्मची घडी घालायला घेतली.

“मला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि खरंच वाटत असावं. “पण नियम असा आहे. घरात वाचक असेल तर निधी देता येत नाही.”

सोनिका चिडली असती, रडली असती, तर मुकुंदरावांना चाललं असतं. ती नुसती सोफ्याचा हात चाचपत त्याच्या कडेला बसली, परक्या घरी बसावं तशी. ते बघून मुकुंदराव पुढे सरसावले.

“थांबा बाई,” ते म्हणाले. “माझे डोळे आलेत.”

“मघाशी तुम्ही लांबून माझ्या पदरावरचा डाग दाखवलात.”

“घसा. घसा बसतो माझा.”

“तो तर मला दिसतोच आहे कसा बसलाय तो.”

“मी वाचतो, पण खोटं वाचतो!”

बाई थांबल्या. मुकुंदरावांनी मग सगळं सांगून टाकलं. डावी फळी, तीन हजार स्वार, मिशा, मोजणीची दोरी, लाल शाई, अडतीस मार्क. पोतनीसबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या, पण आवाज कोरडाच होता.

“आमच्या घराण्यात फौजेच्या हजेऱ्या लिहायचं काम होतं,” त्या म्हणाल्या. “त्या याद्या माझ्या आजोबांनी आम्हाला पाठ करायला लावल्या होत्या. धुमाळ त्यात आठवत नाहीत.”

“गैरहजर असतील त्या दिवशी,” मुकुंदराव सवयीने बोलून गेले आणि त्यांनीच स्वतःच्या तोंडावर हात मारला.

“हे बघा, तुम्ही थापा मारता, तो स्वभाव झाला. उद्यापासून नका मारू. जे आहे ते वाचा. वाचक आहेच की घरात.” बाईंनी टेबलावरचं झेरॉक्सचं बाड त्यांच्यासमोर सरकवलं. “वाचा. जसंच्या तसं. इंग्रजीतच.”

मुकुंदरावांनी पान उघडलं. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द होता, तिथे ते अडखळले. परत मागे आले, परत गेले. ‘सु... सुझ... सुझेर...’ खिडकीतून बँडवाल्यांच्या सरावाचा आवाज येत होता. त्यांच्या कपाळावर, फेट्याच्या खाली, घाम आला. तो शब्द सोडून ते पुढे गेले, तर पुढे तसलेच दोन उभे. त्यांनी पान हळूच खाली ठेवलं.

“सोनी,” ते म्हणाले. बाईंना नाही, मुलीला म्हणाले. “बेटा, मला नाही येत हे. मला पहिल्या दिवसापासूनच नाही आलं. दुकानाच्या पाट्यांपुरतं इंग्रजी माझं. मी दिवसा गिऱ्हाईक नसताना डिक्शनरी बघून ठेवायचो, पण ते पुरायचं नाही. मग वाचता वाचता अडलो, की तुला कळू नये म्हणून... काहीतरी बोलावं लागायचं ना.”

सोनिकाने मान वर केली. “म्हणजे जिथे जिथे रायाजीराव यायचे...”

“तिथे तिथे मला काही कळलेलं नसायचं.”

“बाबा, ते तर दर पानावर यायचे.”

“हो.”

वनमालाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच ‘कांद्याचा वास अजून हाताला आहे’ म्हणाल्या, जसं काही साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घालतात! सोनिकाचा चेहरा आधी कसनुसा झाला, मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. “जमीन की नाप-जोख में भी?” ती कशीबशी म्हणाली. “बाबा, तो अख्खा धडा?”

“त्यातला तर एक शब्द नाही कळला, बेटा.”

पोतनीसबाईंनी चष्मा काढून पुसला. मग फॉर्मची घडी उलगडली.

“हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझी साडी वाचली असती,” त्या म्हणाल्या. “‘आहे’ वर खूण झालीय, ती मला खोडता येत नाही. पण खाली शेऱ्याला जागा आहे. तिथे वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली, तर ते ग्राह्य धरतात. मी सांगते तसं हिंदीत लिहा. आणि हे लक्षात घ्या, हा कागद कक्षात जाईल, समितीसमोर मोठ्याने वाचला जाईल. समितीत आपले मराठी लोकही आहेत. ओळखीचे असतील.”

असतीलच. गणपतीला ज्यांच्याबरोबर पहिल्या रांगेत बसायचं तेच. आपण तीन भाषा जाणतो असं मुकुंदरावांनी ज्यांना पंचवीस वर्षं ऐकवलं होतं तेच. मुकुंदरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पेन घेतलं. बाई एकेक शब्द सांगत गेल्या, ते लिहीत गेले. दुकानाच्या पाटीसारखं ठसठशीत अक्षर, एकही काट नाही. बँडवाले तीच तीच ओळ पुन्हा वाजवत होते.

“काय लिहिलंत बाबा?” सोनिकाने विचारलं. “वाचून दाखवा ना.”

मुकुंदरावांनी कागद दोन्ही हातांत धरला. घसा खाकरला नाही, आवाज चढवला नाही.

“मैं, मुकुंदराव धुमाळ, अपनी पुत्री को उसकी पुस्तकें पढ़कर सुनाने में असमर्थ हूँ.”

सोनिका कान देऊन ऐकत होती. “पुढे?”

“पुढे काही नाही बेटा. एवढंच आहे,” मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.